श्वासाची खूण

१

आमच्या घरात झाडलोट आटोपली की दुसरं काम म्हणजे गाण्यांना वारा घालणं. हसू नका, खरंच सांगते. माझ्या लेकाला जुन्या छापील गाण्यांचा नाद आहे. गाणं वाजवून दाखवणारी यंत्रं घरोघरी नव्हती, त्या काळी माणसं आवडलेल्या गाण्याचा कागद दुकानातून विकत आणायची, पियानोवर उभा करायची आणि घरच्या घरी गायची. सूर, शब्द, सगळं त्या कागदावर, आणि वर रंगीत चित्र. असे कागद लेक कुठून कुठून उचलून आणतो. माळ्यावरून, तळघरातून, बंद पडलेल्या दुकानातून. सून त्याला म्हणते, तुमचं लग्न माझ्याशी झालंच नाही, कुबट कागदाशी झालंय.

मला अक्षर ओळखता येत नाही. तरी मागच्या खोलीतलं निम्मं काम माझ्या अंगावर. गंजक्या टाचण्या अलगद काढायच्या, मऊ ब्रशाने धूळ झाडायची, ओलसर कागद टीपकागदात घालून वर फळी ठेवायची, मग दोरीला चिमटे लावून टांगायचे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसत्या दोऱ्या. परका माणूस आला तर म्हणेल, यांच्याकडे गाणी धुऊन वाळत घालतात वाटतं. मी गाणी चित्रावरून ओळखते. चंद्राचं, होडीचं, उंच टोपीवाल्याचं, रुसलेल्या बाईचं. लेक आधी वैतागायचा. आता तोच हाक मारतो, आई, रुसलेली कुठे ठेवलीस?

लेक संगणकावर यादी करतो. नाव, साल, छापखाना, पानं किती, फाटलंय कुठे. आणि शेवटी चालीचा पहिला तुकडा. तो सुनेने कागद बघून वाजवायचा, गायचा, आणि लेकाने तो आवाज यादीला जोडायचा.

सून गाणं शिकवायची. मागच्या थंडीत तिच्या छातीत दुखणं शिरलं. इस्पितळातून घरी आली ती अर्धीच आली. जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून राहायची आणि वर पोचली की म्हणायची, आई, हा जिना रात्रीतून कोण लांबवतं? शिकवण्या सुटल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज झेपेल तेवढं गा. श्वास परत येईल, नाहीतर आहे तेवढ्यावर भागवायला शिकावं लागेल. कुठलं होईल ते त्याही सांगेनात. म्हणून ती ते तुकडे गायची. एवढीशी ओळ, त्यातही धाप लागायची. मी दोरीखाली उभी राहून ब्रश फिरवत ऐकायचे, आणि ती थांबली की माझाही हात थांबायचा. ती पुन्हा सुरू होईपर्यंत माझ्या जिवात जीव नसायचा.

२

जुन्या बाजारातला एक माणूस लेकाला माल आणून देतो. काहीही दाखवलं की म्हणतो, घ्या एकदाचं. म्हणून आम्ही त्याला एकदाचा म्हणतो. त्याने एक पत्र्याची ट्रंक आणली. कुणाचं तरी घर रिकामं केलं होतं म्हणे. पियानो दारातून बाहेर निघेना म्हणून तिथेच तोडला. लेकाने विचारलं, वाजवायचं कोण? एकदाचा म्हणाला, एक बाई होती. पण पियानोपुढे स्टुलं दोन होती, चिकटून ठेवलेली. एवढं बोलून तो चहा न पिता गेला, आणि चहा सोडणारा माणूस तो नव्हे.

ट्रंकेतले कागद बघून मला पहिल्यांदा आनंदच झाला. ना बुरशी, ना टाचण्या, ना उंदरांनी कुरतडलेलं. फक्त प्रत्येक ओळीवर शिसपेन्सिलीच्या बारीक बारीक खुणा, नखाने ओरखडावं तशा. मला वाटलं, कुणा पोराने गिरगटलंय. सून म्हणाली, नाही हो आई, ही श्वासाची जागा. इथे श्वास घेतला की पुढचा तुकडा पुरतो. गाणारे अशी खूण करून ठेवतात.

तिने वरचाच कागद पियानोवर ठेवला. त्यावर पुलाचं चित्र, पुलावर पाठमोरी एक बाई. ती गायला लागली. खुणेपाशी श्वास घेई, पुढे जाई. पुन्हा खूण, पुन्हा श्वास. ओळ संपली, दुसरी संपली, आणि माझ्या लक्षात आलं की माझा ब्रश एकदाही थांबला नाही. ती अख्खं कडवं गायली होती. लेक खुर्ची फिरवून तिच्याकडे बघत राहिला. सून स्वतःच चकित. म्हणाली, ज्याने कुणी खुणा केल्यात त्याला माझी छाती आतून माहीत असल्यासारखी आहे.

आम्ही तिघंही हसलो. हसण्यासारखंच होतं ते.

३

त्यानंतर रोज ट्रंकेतलेच कागद. लेकालाही घाई नव्हती. बायको गातेय म्हटल्यावर यादी गेली खड्ड्यात.

एके दिवशी मी होडीच्या गाण्याला चिमटा लावत होते. सून पुलाचं गात होती. खूण आली, तिने श्वास घेतला. आणि तिच्या पाठोपाठ, किंचित उशिरा, अजून एक श्वास ऐकू आला.

म्हातारपणी कान भलतंच ऐकतात, हे मला कळतं. मी स्वतःला बजावलं, भिंतीवरून आवाज परतत असेल. पण परतायचा तर सगळा आवाज परतावा, गाणं नाही का परतत? नुसता श्वासच कसा? मग वाटलं, पियानोचं खालचं पेडल पायाने दाबलं की हवा निघत असेल. वाकून पाहिलं, तिचा पाय पेडलवर नव्हताच. मग वाटलं, लेक असेल. लेक तेव्हा खाली दाराशी कुणाशी तरी बोलत होता.

मी तिला म्हटलं, अगं, आज जरा स्वयंपाकघरात येऊन गा, मला भाजी चिरता चिरता ऐकायचंय. ती आली बिचारी. ओट्याला टेकून कागद हातात धरून गायली. तिथे पियानो नाही, दोऱ्या नाहीत, भिंतीला नुसती भांडी. खुणेपाशी तिने श्वास घेतला, आणि तिच्या डाव्या बाजूला, ओटा आणि खिडकीच्या मध्ये, जिथे मी केरसुणी उभी करते, तिथून दुसरा श्वास आला. तोंडाने घेतलेला. बाईमाणसाचा.

सुरी ठेवून मी मागच्या खोलीत जाऊन आले. मी तिला दुसरा कागद दिला, ट्रंकेत नसलेला, रुसलेल्या बाईचा. तो गाताना पहिल्याच ओळीत तिला धाप लागली. आणि दुसरा श्वास आला नाही.

४

मी गप्प राहायचं ठरवलं होतं. पण पोटात गोष्ट ठेवायची म्हणजे गरम बटाटा गिळण्यासारखं. लेक बाहेर गेला तसं मी तिला विचारलं, गाताना तुला काही ऐकू येतं का गं?

ती पियानोची धूळ पुसत होती. हात न थांबवता म्हणाली, तुम्हालाही येतं तर. मला वाटलं, मीच खुळी झाले.

मी म्हटलं, भीती नाही वाटत?

"पहिल्या दिवशी वाटली," ती म्हणाली. "मग कळलं, माझ्या पाठोपाठ श्वास घेऊन ती मला पुढची वाट करून देते. हात धरून रस्ता ओलांडून द्यावा तसं. आई, ह्यांना सांगू नका. ते कागद परत करतील."

मी कुणाला सांगणार होते? डोळ्यांनी दिसत होतं की पोरीच्या गालावर रंग आला. ती जिना चढताना बोलायला लागली, वर येऊन मला चिडवायला लागली. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, छान, काय करता ते चालू ठेवा. एक जुनी शिष्याही परत आली शिकायला. मी मनात म्हटलं, बाई गं, तू जी कुणी असशील ती अस, वारा अस नाहीतर माझ्या डोक्यातला किडा अस, माझ्या सुनेचा हात सोडू नकोस. अनोळखी माणसाला घरात घेताना त्याचं गावकूळ विचारावं, एवढी साधी रीत मी पाळली नाही. गरज होती ना.

एक मात्र करायचे. ती गायला बसली की तिच्या डाव्या बाजूच्या दोरीखाली मी जायचे नाही. लांबून वळसा घालायचे. तिथे कुणी बसलंय असं समजून.

५

शहराच्या मोठ्या ग्रंथालयातून बाई आल्या, सगळा संग्रह बघून गेल्या. लेकाची इतक्या वर्षांची इच्छा की हे कागद नीट जागी जावेत, लोकांनी बघावेत. बाई म्हणाल्या, ट्रंकेतले सगळ्यात चांगले आहेत, आधी त्यांचे फोटो पाठवा.

त्या दिवशी मी सुनेला घेऊन तपासणीला गेले होते. परत आलो तर लेक मागच्या खोलीत खिडकीशी बसलेला, चेहऱ्यावर शाळेत पहिला नंबर आल्यासारखं हसू. टेबलावर रबराचा चुरा, राखेच्या ढिगासारखा. ट्रंकेतले सगळे कागद समोर पसरलेले, कोरे करकरीत. म्हणाला, बघा, काल छापल्यासारखे झाले की नाही? एक ओरखडा राहिला नाही.

त्याची चूक तरी कशी म्हणू? जुना कागद हातात आला की मधल्या माणसांनी केलेली घाण काढायची, हेच तो इतकी वर्षं करत आलाय. मीच ब्रश हातात धरून त्याला साथ दिली. त्याच्या लेखी त्या रेघोट्या म्हणजे धूळच.

सून कागदांकडे बघत दारातच उभी राहिली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. कोट काढला, खुंटीला लावला, हात धुऊन आली.

"आता बघतेच," ती म्हणाली, "श्वास माझा झालाय का अजून उसनाच आहे."

मी म्हटलं, राहू दे आज, आत्ताच दमून आलीयस. लेक म्हणाला, गाऊ दे की आई, ग्रंथालयाला एक पूर्ण गाणं पाठवायचंच आहे. त्याने आवाज घ्यायचं यंत्र सुरू केलं. तिने पुलाचा कागद पुढे ओढला.

६

बाहेर लख्ख ऊन होतं. खिडकी बंद होती, कारण रस्त्यावर कुणी तरी खणत होतं. दोऱ्यांवरचे कागद सरळ लोंबत होते. हे सगळं मला अजून जसंच्या तसं दिसतं.

तिने सुरुवात केली. पहिली खूण जिथे होती ती जागा आली आणि गेली. ती थांबली नाही. दुसरी गेली. तिसरी गेली. आवाज ना पातळ झाला ना थरथरला. लेकाने माझ्याकडे बघून अंगठा वर केला. मीही वेडी, क्षणभर खूश झाले. म्हटलं, झाला पोरीचा श्वास तिचा.

मग मी तिचे डोळे पाहिले. ते कागदावरून धावत होते. अंधाऱ्या खोलीत सापडलेला माणूस हाताने भिंत चाचपत दार शोधतो ना, तसे. ओळीच्या या टोकापासून त्या टोकाला, पुन्हा मागे. दार नव्हतंच कुठे. पुसून टाकलं होतं.

कडवं संपलं. ती न थांबता पुन्हा पहिल्या ओळीवर गेली. ओठ निळे पडायला लागले. आवाज मात्र अजून भरदार, अजून गोड. लेक उठला, म्हणाला, बास, झालं, छान झालं. तिने ऐकलं नाही. त्याने तिचे खांदे धरले, हलवले. मग पियानोचं झाकण लावलं, तर तिची बोटं झाकणावर तशीच चालत राहिली, टकटक टकटक, आणि गाणं चालूच. छाती हलत नव्हती. इतकं गाणं निघत होतं आणि छाती दगडासारखी. लेकाने तिच्या तोंडावर हात ठेवला. हाताखालूनही गाणं येत होतं. तिचे डोळे माझ्याकडे वळले, आणि त्यात पाणी होतं.

मी कागद ओढून घेतला. मला काय कळतंय त्यातलं? कुठे सूर, कुठे शब्द, खूण कुठे होती, काही नाही. पेन्सिल शोधायला वेळ नव्हता. मी अंगठ्याचं नख त्या ओळीवर ठेवलं आणि जोर केला.

"आई, फाटेल तो," लेक म्हणाला.

बायको त्याच्या हातात मरत होती आणि तो म्हणाला, फाटेल तो. सवय. पुढच्याच क्षणी त्याने स्वतःचं तोंड दाबलं. त्याचा तो चेहरा मी कधी कुणाला सांगितला नव्हता.

नख कागदात रुतलं आणि दोऱ्यांवरचे सगळे कागद एकदम हलले. वाऱ्याने फडफडले असते तर मी घाबरले नसते. ते फडफडले नाहीत. खोलीभरातले कागद, या भिंतीचे, त्या भिंतीचे, एकाच जागेकडे ओढले गेले आणि तसेच ताणलेले राहिले, चिमट्यांना हिसडा देत. सगळ्यांची टोकं तिच्या डाव्या बाजूला, बसलेल्या माणसाचं तोंड येईल एवढ्या उंचीवर. माझी शालही त्या बाजूला खेचली गेली. कुणीतरी श्वास घेत होतं. लांब, लांब, खोलीतली सगळी हवा संपेल इतका लांब. माझ्या कानांना दडे बसल्यासारखं झालं.

मग कागद सैल पडले. आणि सुनेचे ओठ चपटे झाले. काचेला तोंड लावल्यावर दिसतात ना, तसे, समोर काहीही नसताना. गाल फुगले, गळा फुगला, मग छाती हळूहळू वर आली, चेंडूत हवा भरावी तशी. गाणं तुटलं. ती माझ्या अंगावर कोसळली. लेक जमिनीवर बसला होता आणि त्या रिकाम्या जागेकडे बघत मागे मागे सरकत होता. तेव्हा मला कळलं, त्यालाही दिसलंय.

७

इस्पितळात सगळं तपासलं. काही निघालं नाही. उलट डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशी छाती तरण्या पोरींचीही नसते. घेतलेला आवाज लेकाने ऐकला नाही, पुसून टाकला. ट्रंक कुलूप लावून माळ्यावर टाकलीय. ग्रंथालयाला त्याने बाकीचे कागद दिले. त्या दुपारबद्दल आम्ही दोघं अवाक्षर बोलत नाही. तो तिला जपतो, नको तितकं जपतो, आणि ती त्याला हसते. शिकवण्या पुन्हा सुरू झाल्यात. जिना तर ती आता पळत चढते.

फक्त बोलताना ती मध्ये थांबत नाही. सकाळपासून काय काय झालं ते एका दमात सांगत जाते, सांगत जाते, आणि ऐकणाऱ्यालाच धाप लागते. लेक म्हणतो, किती उत्साह आलाय बघ. मी मान डोलावते.

परवा ती जेवून पडली होती. मी शेजारी बसून तिच्या पोलक्याला बटण लावत होते. दोऱ्याचा एक तुकडा उरला होता. मनात काय आलं कोण जाणे, तो मी तिच्या नाकापुढे धरला. तोंड तिचं मिटलेलं होतं.

दोरा बाहेरच्या बाजूला उडाला. मग सरळ लोंबला. छाती वर आली, तरी तो सरळच. पुन्हा बाहेर उडाला. मी म्हटलं, हात कापत असेल. मनगट उशीला टेकवलं. बाहेर. मग सरळ. बाहेर. मग सरळ. मी खूप वेळ धरला. आत तो एकदाही ओढला गेला नाही. छाती भरत होती, रिकामी होत होती, पण भरताना तिच्या नाकातून काही आत जात नव्हतं.

"आई, तो दोरा ठेवून द्या," ती डोळे न उघडता म्हणाली. "असं टक लावून पाहिलं की ती बिचकते."

मी दोरा मुठीत घेतला. तिची छाती खाली गेली होती. मी वाट पाहिली. ती वर येईना. मी तिच्याकडे बघत होते आणि ती वर येत नव्हती, आणि नखांकडून निळेपणा चढायला लागला होता.

मी तोंड भिंतीकडे फिरवलं. डोळे घट्ट मिटले. काहीच ऐकू येईना. मग माझ्या कानामागे, अगदी मानेला लागून, कुणीतरी तोंडाने हवा ओढून घेतली. लांबच लांब. मानेवरचे केस तिकडे ओढले गेले. पाठीमागे पलंग करकरला, आणि सुनेने एक मोठा उसासा सोडला.

शपथेवर सांगते, मला हायसं वाटलं.